एकांकिकेतला हेडीस: यमराज म्हणावं का, आणि हातात काय द्यावं?

आडवा_पडदा

नमस्कार मंडळी. ग्रीकांचा पाताळाचा देव हेडीस धान्यदेवी डिमीटरच्या मुलीला, पर्सेफोनीला, पळवून नेतो, त्या अपहरणावर चाळीस मिनिटांची मराठी एकांकिका बसते आहे, प्रयोग पुण्यातच. संहिता लिहून झाली आहे, पण ग्रीक पुराणं नीट वाचलेल्यांच्या नजरेखालून जायला हवी. सध्या असं आहे: हेडीसला सरळ ‘यमराज’ म्हटलंय. डोक्यावर शिंगांचा मुकुट, हातात दोन दातांचा भाला, शेजारी तीन डोक्यांचा कुत्रा. तो मेलेल्यांचा हिशेब तपासतो आणि शिक्षा सुनावतो. पर्सेफोनी डाळिंबाचे सहा दाणे खाते, म्हणून सहा महिने खाली. हर्मीस म्हणजे आपला नारद, इकडचं तिकडे करणारा. शेवटी डिमीटर आरती करून हेडीसला बोलावते. पाताळाच्या प्रवेशात ड्राय आइसचा धूर आणि त्यात आठ जण मृतात्मे म्हणून जमिनीवर झोपलेले.

काय काय चुकतंय ते स्पष्ट सांगा. ‘कलाकृती आहे, चालतं’ हे उत्तर नको आहे.

सारमेय

सगळ्यात आधी ‘यमराज’ काढा. नावापुरता प्रश्न असता तर सोडून दिलं असतं, पण त्या एका शब्दाने पात्राचं कामच बदलतं.

आपला यम न्यायाला बसतो, चित्रगुप्त वही उघडतो, दूत पाश घेऊन निघतात. हेडीस यातलं काहीच करत नाही. प्राण नेणं हे थॅनाटॉसचं काम, तो निद्रादेव हिप्नॉसचा जुळा भाऊ. वाट दाखवायला हर्मीस. न्यायाचं म्हणाल तर होमरच्या ‘ओडिसी’त सोन्याचा राजदंड घेऊन मृतांचे तंटे सोडवत बसलेला दिसतो तो मिनॉस. प्लेटोच्या ‘गॉर्जियस’ संवादात तर कामाची रीतसर वाटणीच आहे: आशियातून येणाऱ्यांचा निवाडा ऱ्हाडामँथसकडे, युरोपातून येणाऱ्यांचा आयाकसकडे, आणि दोघांना उमजेना तर शेवटचा शब्द मिनॉसचा. हेडीस या बाकावर कुठेच नाही.

मग तो करतो काय? ठेवून घेतो. होमर त्याला ‘पुलार्तेस’ म्हणतो, म्हणजे दार घट्ट लावून घेणारा. डिमीटरच्या प्राचीन ग्रीक स्तोत्रात तो ‘पोलुदेगमोन’ आहे, पुष्कळांना घरात घेणारा. तो घरमालक आहे. आलेल्याला जागा मिळते, फक्त परत जाता येत नाही. होमरच्याच ‘इलियड’च्या नवव्या सर्गात म्हटलंय की तो मनधरणीने वळत नाही, म्हणूनच माणसांना सगळ्या देवांत तोच जास्त नकोसा. क्रूर म्हणून नव्हे, हे नटाला समजावून सांगा. आरडाओरडा, गडगडाटी हसू, काही नको. त्याला कसली घाईच नाही.

त्याला हे राज्य मिळालं तेही चिठ्ठ्या टाकून. क्रोनॉसच्या तीन मुलांत वाटणी झाली: आकाश झ्यूसला, समुद्र पोसायडनला, खालचा अंधार हेडीसला. जमीन आणि ऑलिंपस सामाईक. (‘इलियड’, पंधरावा सर्ग; सांगणारा पोसायडन आहे, आणि तो चिडून सांगतोय.) वडिलार्जित इस्टेटीच्या वाटण्या पाहिलेल्या प्रेक्षकाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. तुमच्या संहितेत हा प्रसंग नाही. दोन वाक्यांत तरी घ्या.

नाव ‘हेडीस’च ठेवा. मूळ ग्रीक उच्चार ‘हाइडेस’च्या जवळ जातो आणि काही जण ‘हादेस’, ‘हाडेस’ असं लिहितात. पण रंगमंचावर कुत्रा उभा असताना कुणी ‘हाडेस!’ म्हणून हाक मारली तर पुण्यातलं प्रेक्षागृह काय ऐकेल ते सांगायला नको.

ग्रीक लोक स्वतः हे नाव तोंडावर आणायला बिचकत. बदली नाव ‘प्लूटॉन’, म्हणजे संपत्ती देणारा, कारण धान्य आणि धातू जमिनीखालूनच येतात. रोमनांनी तेच ‘प्लुटो’ केलं. आपण दुकान बंद करत नाही, ‘वाढवतो’. रात्री सापाला ‘जनावर’ किंवा ‘लांबडं’ म्हणतो. तसलाच हा प्रकार. म्हणून एक सुचवतो: वर पृथ्वीवर असलेल्या पात्रांनी त्याचं नाव कधीच घेऊ नये. ‘तो’, ‘खालचे’, ‘धनी’ एवढंच. ‘हेडीस’ हा शब्द पहिल्यांदा उच्चारावा पर्सेफोनीने, खाली गेल्यावर.

खालची_आळी

सारमेय यांचं सगळं मान्य, पण एकांकिकेच्या प्रेक्षकाला पहिल्या दोन मिनिटांत कळलं पाहिजे की हा कोण. ‘यम’ म्हटलं की एका क्षणात कळतं. हिंदीत प्लुटो या ग्रहालाही ‘यम’च म्हणतात की.

सारमेय

ग्रह म्हणून चालतं, पात्र म्हणून नाही. (२००६ पासून तो बटुग्रह आहे, ते असो. त्याच्या पाच चंद्रांची नावं मात्र चोख निवडली आहेत: कॅरॉन, निक्स, हायड्रा, कर्बेरॉस, स्टिक्स. निक्स म्हणजे रात्र, बाकी सगळं पाताळाच्या वाटेवरचं: कॅरॉन मृतांना पार नेणारा नावाडी, कर्बेरॉस तुमचा तो कुत्रा, स्टिक्स तिथली नदी.)

आणि तुलना करायचीच असेल तर नंतरच्या दंडधारी यमाशी नको, ऋग्वेदातल्या यमाशी करा. दहाव्या मंडलाच्या चौदाव्या सूक्तात यम हा वाट शोधून काढणारा, पितरांचा राजा आहे, आणि त्या वाटेवर दोन कुत्रे आहेत: सरमेची पोरं, ‘चतुरक्षौ शबलौ’, चार डोळ्यांचे, ठिपक्यांचे. कर्बेरॉस आणि शबल हे एकाच मुळातले शब्द असं एकोणिसाव्या शतकात मोठ्या हौसेने मांडलं गेलं. ध्वनिनियमांत ते नीट बसत नाही, त्यामुळे संहितेत ‘कर्बेरॉस म्हणजेच शबल’ असं ठासून घालू नका. पण मृतांच्या दारात कुत्रा ही कल्पना दोन्हीकडे आहे, एवढं बिनधास्त म्हणता येईल.

एक मोठा फरक मात्र लक्षात असू द्या. यम हा मेलेला पहिला माणूस. हेडीस कधी मेलेला नाही, मरणारही नाही. तो देव आहे, आणि अंधारात राहतो.

दुपारी_१_ते_४

वेशभूषा आणि वस्तूंबद्दल.

द्विशूल काढा. प्राचीन ग्रीक भांड्यांवर हेडीसच्या हातात तो सापडत नाही. ती ओळख नंतरच्या चित्रकारांनी पक्की केली. भांड्यांवर दिसतो तो दाढीवाला, पोक्त, सिंहासनावर किंवा मंचकावर टेकलेला गृहस्थ. हातात लांब राजदंड, नाहीतर मद्याची उथळ वाटी, नाहीतर फळाधान्याने भरलेलं मोठं शिंग. ते शिंग प्लूटॉनचं, संपत्तीचं. ब्रिटिश म्युझियममध्ये इटलीतल्या व्हुल्ची इथे मिळालेली एक तांबड्या आकृत्यांची कायलिक्स, म्हणजे मद्याचा उथळ प्याला, आहे. तिच्यात तो मंचकावर रेललेला आहे आणि पर्सेफोनी पायथ्याशी बसली आहे. दोघं जेवणानंतर बोलत बसल्यासारखी. तुमच्या दुसऱ्या प्रवेशाची रचना त्यावरून थेट उचलता येईल.

अपहरणाचं दृश्य हवं असेल तर उत्तर ग्रीसमधल्या व्हर्गिनाच्या राजथडग्यातलं भित्तिचित्र पाहा (इ.स.पू. चौथं शतक, उत्खनन १९७७). रथ, एका हातात लगाम आणि राजदंड, दुसऱ्या हाताने तिला कवेत धरलेलं, आणि तिचे दोन्ही हात मागे फेकलेले. ते हातच सगळं सांगतात. नटीला हे चित्र दाखवा, दिग्दर्शकाचं भाषण वाचेल.

मुकुटाला शिंगं नकोत. त्याचं खरं शिरस्त्राण म्हणजे अदृश्य करणारी टोपी, ‘क्युनेए’. शब्दाचा मूळ अर्थ कुत्र्याच्या कातड्याची टोपी. अपोलोडोरसच्या पुराणकथांच्या संग्रहात सायक्लॉप्स, म्हणजे एका डोळ्याचे राक्षस, तिघा भावांना एकेक वस्तू देतात: झ्यूसला वज्र, पोसायडनला त्रिशूळ, हेडीसला ही टोपी. म्हणजे त्रिशूळ धाकट्या भावाचा आहे. त्याचा एक दात मोडून थोरल्याच्या हातात देण्यात अर्थ नाही. गंमत म्हणजे टोपी घातलेला हेडीस कथांत जवळजवळ दिसतच नाही, ती दुसरेच उसनी नेतात. ‘इलियड’मध्ये अथीना, मेडूसाच्या गोष्टीत पर्सियस.

माझं मत विचाराल तर हातात किल्ली द्या. ऑलिंपियाच्या देवळातल्या एका मेजावर किल्ली घेतलेला प्लूटॉन कोरलेला होता, असं पॉसानियस हा प्राचीन ग्रीक प्रवासी लिहून ठेवतो, आणि कारणही देतो: त्याने आपलं घर कुलूपबंद केलंय, आता कुणी परत यायचं नाही. सारमेय म्हणतात तो घरमालक एका वस्तूत येतो. किल्ली वीतभर, लोखंडी, काटकोनात वाकवलेली करा. जुन्या वाड्याच्या दिंडीदरवाजाची असते तशीच दिसली तरी चालेल. कसब्यातल्या तांबट आळीत पितळेची करून मिळेल, पण पितळ दिव्याखाली चमचमतं. काळा रंग मारून घ्या.

वस्त्राला झगा शिवू नका. अंदाजे तीन मीटर बाय दीड मीटरचं जाड सुती कापड, डाव्या खांद्यावरून घ्यायचं, पाठीमागून आणून उजव्या काखेखालून पुढे, टोक परत डाव्या हातावर. उजवा हात मोकळा. पातळ कापड घेतलंत तर पडत नाही, फुगतं. आणि खांद्यावर टाका घातला नाही तर तिसऱ्या मिनिटाला घसरतं.

कुत्रा: तीन डोकी रूढ आहेत खरी, पण हेसिओड हा प्राचीन ग्रीक कवी पन्नास सांगतो आणि कित्येक भांड्यांवर दोनच आहेत. दोन नटांत दोन डोकी बसतात, तिसरं डोकं लटकं करावं लागतं आणि ते लटकंच दिसतं. दोन ठेवा, आधार भक्कम आहे. त्याचं वागणं हेसिओडकडूनच घ्या: आत येणाऱ्यापुढे शेपूट आणि कान हलवतो, बाहेर जाऊ पाहणाऱ्याला खातो. तुमच्या संहितेत तो पर्सेफोनीवर आल्याआल्या भुंकतोय, ते उलटं झालंय. त्याने तिचं स्वागत करावं. जास्त भीतिदायक होतं.

आता डाळिंब. सहा दाणे हा हिशेब नंतरच्या पुनर्कथनांतून पसरला. डिमीटरच्या स्तोत्रात दाणा एकच आहे, आणि वाटणी वर्षाच्या तिसऱ्या हिश्शाची: चार महिने खाली, आठ वर. रोमन कवी ऑव्हिड एका ग्रंथात सात दाणे सांगतो, दुसऱ्यात तीन. वर्षाचे दोन सारखे भाग त्याच्याकडे आहेत. पण दाण्यामागे महिना असं त्याच्याकडेही नाही. तुम्हाला सहाच हवे असतील तर घ्या, फक्त ‘मूळ ग्रीक कथेनुसार’ असं पत्रकावर छापू नका.

सारमेय

एकच दाणा घ्या, हात जोडून सांगतो. स्तोत्रातला तो भाग म्हणजे तयार नाट्यप्रवेश आहे. हर्मीस झ्यूसचा निरोप घेऊन येतो, तिला सोड म्हणून. हेडीस नाही म्हणत नाही. भुवयांतल्या भुवयांत हसतो, लगेच हो म्हणतो, तिला जायला सांगतो, वर ‘मी काही वाईट नवरा नाही, इथे तुझा मान राहील’ असंही म्हणतो. ती आनंदाने उडी मारून उठते. आणि त्याच वेळी तो इकडेतिकडे पाहून, चोरून, तिला मधासारखा गोड दाणा देतो.

नंतर तीच गोष्ट पर्सेफोनी आईला सांगते तेव्हा म्हणते: त्याने बळजबरीने खायला लावला. कवीच्या निवेदनात बळजबरी नाही, तिच्या तोंडी आहे. कुणाचं खरं? कवी सांगत नाही. तुमच्या संहितेत ती भूक लागली म्हणून स्वतःच खाते, आणि हा सगळा पेच वाया जातो. दोन्ही ठेवा: प्रेक्षकांना एक दाखवा, आईला दुसरं ऐकू द्या.

हर्मीस नारद नाही. तो कळ लावत नाही, निरोप पोचवतो आणि माणसांना पोचवतो. कळ कुणी लावली असेल तर झ्यूसने. बापाने मुलगी देऊन टाकली, आईला न विचारता. नवरा मुलगा तिचा सख्खा काका आणि सख्खा मामाही, कारण झ्यूस, डिमीटर आणि हेडीस तिघं भावंडं. सूर्यदेव तर डिमीटरची समजूत घालताना ‘जावई काही वाईट नाही, तुझाच भाऊ, तिसऱ्या हिश्शाचा मालक’ या सुरात बोलतो. मराठी घरात हे वाक्य कसं ऐकू येईल, याचा विचार करा आणि त्याला हात लावू नका.

विंगेतला

ड्राय आइसबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. आठ जणांना त्या धुरात झोपवू नका.

ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८.५ अंशांचा. एका किलोतून साधारण ५४० लिटर वायू निघतो. तो हवेच्या दीडपट जड, त्यामुळे जमिनीलगत साचतो. दिसणारा पांढरा धूर हे पाण्याचे थेंब असतात. धूर विरला तरी वायू तिथेच असतो. झोपलेल्या माणसाचं नाक नेमकं त्या थरात. आधी डोकं दुखतं, दम लागतो, मग गरगरतं, आणि अंधारात मृतात्म्याची भूमिका करणारा खरोखर बेशुद्ध पडला तर कुणाच्या लक्षातही येणार नाही.

यात पुराणाचा भागही आहे. तुर्कस्तानात हिएरापोलिसला, आजच्या पामुक्कलेजवळ, प्लूटोनियन आहे, हेडीसचं दार म्हणून पुजलेली गुहा. तिथे भूगर्भातून हाच वायू येतो. प्राचीन भूगोलकार स्ट्रेबो लिहितो की आत नेलेले बैल कोसळतात, त्याने स्वतः चिमण्या सोडल्या त्या लगेच मेल्या, आणि सिबेली देवीचे पुजारी मात्र धडधाकट बाहेर येतात. अलीकडच्या मोजणीत कारण स्पष्ट झालंय: वायूचा थर जमिनीलगत असतो, पहाटे सर्वांत दाट, ऊनवारा लागला की पातळ. बैलाचं नाक त्या थरात, उभ्या माणसाचं वर. तुमचे आठ मृतात्मे बैलाच्या जागी आहेत.

करायचं असेल तर असं करा. मृतात्मे उभे किंवा चौरंगावर बसलेले. ड्राय आइस एका वेळी अर्धा किलो, तोही मागच्या कोपऱ्यात. पाणी गरम हवं. गार झालं की तुकड्यांवर बर्फाचं कवच चढतं आणि धूर थांबतो, मग लोक घाबरून आणखी तुकडे टाकतात. तसं करू नका, पाणी बदला. जाड कोरडे हातमोजे घाला. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात किंवा थर्मासमध्ये ठेवू नका, दाबाने फुटतो. गाडीतून नेताना काचा उघड्या. प्रयोग भरत नाट्य मंदिरात असो की सुदर्शनसारख्या छोट्या रंगमंचावर, आधी व्यवस्थापनाची लेखी परवानगी घ्या आणि प्रवेश संपला की दारं उघडून पंखे लावा. तळघरातल्या तालमीच्या खोलीत तर अजिबात नको.

डाळिंब भगवा जातीचं घ्या. गणेश हा वाण आपल्या गणेशखिंडीतलाच, खायला मऊ, पण दाणे फिकट गुलाबी. दिव्याखाली दिसत नाहीत. भगव्याचे दाणे गडद लाल. फळाचा मुकुट आधीच कापून ठेवा आणि आतल्या पडद्यांच्या रेषांवर सालीला उभ्या चिरा द्या, म्हणजे नटाच्या हातात एका दाबात उघडेल. न चिरलेलं फळ रंगमंचावर फोडायला गेलात तर रस उडतो आणि सुती कापडावर त्याचा तपकिरी डाग कायमचा. एक दाणा दहाव्या रांगेतून दिसणार नाही, हे खरं. दाणा दाखवायच्या भानगडीत पडू नका. तिचा हात तोंडाकडे जाताना कुत्रा शेपूट हलवायचं थांबवतो, एवढं पुरे.

आडवा_पडदा

खूप धन्यवाद, निम्मी संहिता पुन्हा लिहावी लागणार. दोन शंका उरल्या. डिमीटरची आरती काढून तिथे काय ठेवू? आणि कॅरॉनला पैसे देताना नाणं किती मोठं दाखवू?

सारमेय

आरती चालणार नाही, कारण दिवा वर ओवाळायचा आणि हा देव खाली. ‘इलियड’मध्ये अल्थाया आपल्या मुलाला शाप देते तेव्हा गुडघ्यांवर पडून दोन्ही तळहातांनी जमीन बडवते आणि हेडीस-पर्सेफोनीला हाक मारते. तेवढंच ठेवा. रंगमंचाची फळी चांगली वाजते, संगीतही लागणार नाही.

विधी हवाच असेल तर ‘ओडिसी’च्या अकराव्या सर्गातला क्रम असा: हातभर लांब-रुंद खड्डा, त्याच्या कडेने तीन वेळा ओतायचं, आधी दूधमध, मग गोड मद्य, मग पाणी, वर जवाचं पांढरं पीठ भुरभुरायचं, शेवटी काळ्या मेंढीचं रक्त खड्ड्यात, आणि ते सोडताना विधी करणाऱ्याने तोंड फिरवायचं. पण हा विधी मृतांना बोलावण्याचा आहे, हेडीसला नव्हे. रक्त प्यायला सावल्या येतात, मालक येत नाही. डिमीटर मृतांना कशाला बोलावेल? तिची मुलगी जिवंत आहे.

दुपारी_१_ते_४

नाणं ओबोल, नावाड्याचं भाडं म्हणून मृताच्या तोंडात ठेवायचं. अथेन्सचा चांदीचा ओबोल पाऊण ग्रॅमच्याही आत भरतो, करंगळीच्या नखाएवढा. तेव्हाचे लोक बाजारात जातानाही सुट्टे गालात धरत, म्हणून मृताच्या तोंडात नाणं हे त्यांना आपल्याला वाटतं तेवढं विचित्र नव्हतं. ॲरिस्टोफेनिसच्या ‘बेडूक’ नाटकात भाडं दोन ओबोल सांगितलंय.

पण तुमच्या एकांकिकेत कॅरॉन कशासाठी? पर्सेफोनी रथातून खाली जाते आणि रथातूनच वर येते. होमर-हेसिओडमध्ये कॅरॉनचं नावसुद्धा नाही. त्याचा प्रवेश काढलात तर चार मिनिटं वाचतील, ती वाटणीच्या चिठ्ठ्यांना द्या.